मला फोडणाऱ्या दोघी

मित्रांनो, मी प्रिंटरमधला एक जुना टोनर आहे. काळी पावडर भरलेला लांबट डबा. कुणी मुद्दाम ऐकावं असं माझ्यात फारसं काही नाही; तरी जमेल तसं सांगतो.

माझा जन्म खऱ्या कारखान्यात झाला. पहिली नोकरी एका वाचनालयात होती. तिथे मी दोन हजारांवर पानं छापली, एकही अक्षर फिकं पडू दिलं नाही. रिकामा झालो तेव्हा तिथल्या टापटिपीच्या कारकुनाने मला पुसून माझ्याच खोक्यात ठेवलं, झाकण नीट बसवलं आणि भंगारवाल्याकडे दिलं. मला फार बरं वाटलं. पुढचं त्या भल्या माणसालाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

भंगारातून मी एका बंद खोलीत पोचलो. तिथे माझ्या पोटात कसलीशी हलकी पावडर भरली, वर नवं सील चिकटवलं. खोकं तर माझं स्वतःचंच, अस्सल. इंटरनेटवरच्या बाजारात ‘नवा, कंपनीचा’ म्हणून माझा फोटो लागला. खरं सांगून टाकावं असं वाटे. पण टोनर बोलणार तो कागदावरच.

मला एका टायपिंगच्या दुकानाने मागवलं. दुकान सून चालवायची, सासूबाई पानं जुळवून पिना मारायच्या. प्रिंटर एकच. दुसऱ्याच दिवशी एका मास्तरांची प्रश्नपत्रिका छापायची होती. मास्तरांनी छापलेल्या पानावरून अंगठा फिरवला आणि अख्खा पहिला प्रश्न अंगठ्यावर आला.

“आता मुलांनी काय वाचायचं, बाई? माझा अंगठा?” एवढं बोलून ते समोरच्या दुकानात गेले.

माझी पावडर प्रिंटरभर सांडली होती. सून दिवसभर ती पुसत बसली. नवा टोनर आणायचा तर पैसे हवेत, आणि ते माझ्यात अडकलेले. तोवर दुकान बंद. विक्रेत्याने कळवलं, ‘खोक्यासकट धड परत पाठवा, पैसे मिळतील.’

“मग पाठव की,” सासूबाई म्हणाल्या. “घोडं अडलं कुठं?”

“आई, हा बनावट माल आहे. परत गेला की उद्या दुसऱ्या कुणाच्या तरी दुकानात जाईल.”

“जगाचा मक्ता घेतलायस का तू? आधी आपलं बघ.”

“आपलंच बघतेय. कुणीतरी असाच खोक्यासकट धड जाऊ दिला असेल, म्हणून तर आपल्याकडे आला.”

सुनेने माझं खोकं फाडलं, लेबल खरवडून काढलं आणि स्क्रूड्रायव्हर नि हातोडी आणली. मी मात्र टेबलावरून सारखा घरंगळत होतो.

“थांब, मी धरते,” सासूबाई म्हणाल्या. “जपून मार. माझी बोटं आहेत तिथं.”

तीन घावांत मला भोक पडलं. पैसे अर्थातच मिळाले नाहीत. पुढचा महिनाभर सून टायपिंग करून पानं समोरच्या दुकानातून छापून आणत होती.

मित्रांनो, जुन्या वस्तू सहसा ‘आम्हाला जपा’ म्हणतात. माझं मागणं उलटं आहे. चुकत असेन तर माफ करा. आमचं काम संपलं की आमचं खोकं फाडा, लेबल खरवडा, आम्हाला भोक पाडा आणि मगच भंगारात द्या. मला पुष्कळांनी नीट हाताळलं. माझं नाव राखलं ते मात्र त्या दोघींनी.