वाढत्या अंगाची बॅट

धोंडूबाई कुठलीही वस्तू दोन वर्षं पुढचं बघून घ्यायची. शकूचा शाळेचा झगा गुडघ्याखाली चार बोटं लोंबायचा, चपला टाचेमागे बोटभर मोकळ्या असायच्या. कुणी हसलं की म्हणायची, "पोर काय हाय तेवढीच राहणार हाय का?" म्हणून शकूला घेऊन ती सॉफ्टबॉलची बॅट आणायला कर्जतला निघाली तेव्हाही तिचं ठरलेलंच होतं. चांगली लांबलचक घ्यायची, म्हणजे दहावीपर्यंत बघायला नको.

कशेळ्याच्या शाळेत हा खेळ सरोजिनीबाईंनी आणला होता. क्रिकेटसारखाच, पण बॅट गोल आणि चेंडू हात खालून फिरवून टाकायचा. सातवीतली शकू धावण्यात चपळ, झेल घेण्यात पक्की, त्यामुळे ती संघात आली. फटका मात्र बसेना. शाळेची बॅट एकच, तीही मोठ्या मुलींच्या मापाची. शकू ती खांद्यावरून काढेपर्यंत चेंडू मागे गेलेला असायचा. शेवटी बाईंनी निरोप धाडला, "जमलं तर हिच्यापुरती हलकी बॅट घ्या, महागाची नको." धोंडूबाईने त्यातलं 'महागाची नको' तेवढं ध्यानात ठेवलं. नुकतेच वाल विकले होते, त्यामुळे नवऱ्यानेही, बुधाजीने, मोडता घातला नाही.

बाजारात गोपाळकृष्णभाऊंचं वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. मागच्या फळीवर थोडं खेळाचं सामान असायचं. त्यांनी तीन बॅटी काढून ठेवल्या. एक ॲल्युमिनियमची, चकचकीत. तिची किंमत ऐकून धोंडूबाईने पदराला पुसलेला हात परत मागे घेतला. दुसरी लाकडी, लांब आणि जाड. तिसरीही लाकडीच, पण आखूड. फळीवर घासून तिचा रंग उडाला होता, म्हणून भाऊ ती थोडी स्वस्तात द्यायला तयार होते.

धोंडूबाईने लांब बॅट उचलली. "हीच द्या. थोड्याच पैशांचा फरक, आन् लाकूड बघा केवढं हाय!"

"मावशी, लाकूडच हवं असेल तर वखारीत जा," भाऊ हसून म्हणाले. "पोरीला जरा फिरवून तर बघू दे."

शकू पायरीखाली उतरली आणि जीव खाऊन बॅट फिरवली. बॅट फिरली ती शकूला घेऊनच फिरली. शेजारच्या दुकानातल्या गुळाच्या ढेपांवर जाता जाता ती कशीबशी सावरली.

"मस्त हाय, आये," ती घाईघाईने म्हणाली. ही नको म्हटलं तर आई कुठलीच घेणार नाही, अशी तिला धास्ती. पण बोलताना तिने उजवा हात पाठीमागे नेला होता आणि डाव्या हाताने ती मनगट चोळत होती.

ते चोळणं धोंडूबाईने बघितलं आणि तिला तिचं स्वतःचं मनगट आठवलं. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिच्या हाती सासऱ्याचा कोयता दिला होता. चांगला दणकट, जन्मभर टिकणारा. पहिल्याच आठवड्यात तिचं मनगट सुजून भाकरी थापता येईना. मग बुधाजीने लोहाराकडून हलका कोयता करून आणला, तेव्हा कुठे ती बायकांच्या बरोबरीने फांद्या तोडायला लागली.

"शके, इकडं ये गं. एका हातात धर, आन् हात सरळ कर."

लांब बॅटीचं टोक लगेच खाली झुकलं. आखूड बॅट मात्र शकूने अशी धरली, की भाऊंनी वहीवर किंमत लिहून होईपर्यंत ती हलली नाही.

"हीच द्या," धोंडूबाई म्हणाली.

"पण आये, दोन वर्सांनी ती लहान होईल!"

"मंग दोन वर्सांनी बघू. खेळायचं तुला आताच हाय ना?"

भाऊंनी खूश होऊन एक जुना, शिवण उसवलेला चेंडू वर घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापणी झालेल्या खाचरात मायलेकी उभ्या राहिल्या. चेंडू टाकायला दुसरं कोणी नव्हतं. धोंडूबाईने पदर खोचला. लावणीच्या वेळी चिखलात उभ्या बायकांकडे रोपांच्या जुड्या ती बांधावरून फेकायची, तशीच हात खालून झुलवून तिने चेंडू टाकला. चेंडू बरोब्बर शकूच्या कमरेपाशी आला.

"आये! तुला कुनी शिकवलं गं?"

"त्यात काय शिकायचं? मार तू."

पहिले दोन हुकले. तिसऱ्याला खणखणीत टोला बसला आणि चेंडू बांध ओलांडून शेजारच्या कमळ्याच्या अजून उभ्या असलेल्या वालात जाऊन पडला. दात घासत उभा असलेला बुधाजी तोंडातली राखुंडी थुंकून, कुणी न सांगताच, त्याच्यामागे धावला.

"चेंडू तिथनंच फेका," धोंडूबाई ओरडली, "तिथंच थांबा! अजून यायचेत!"