राजेळीचं पिल्लू

"अहो, त्या पानाकडे काय टक लावून बघताय? चहाचं पाणी आटलं इकडे!" मीनाक्षीताई स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडल्या.

श्यामसुंदर पाटणकर तसेच वाकून उभे होते. कलकत्त्याच्या बागबाजारातल्या त्यांच्या तळमजल्यामागे दोन खाटा मावतील एवढीच मोकळी जागा होती आणि त्या जागेत राजेळी केळीचं बेट वाढलेलं होतं. त्यातल्या सर्वांत धाकट्या पिल्लाचं पान वाकवून त्यांनी उन्हाकडे धरलं होतं. दुसऱ्या हातात भिंग होतं.

"आटू दे," ते म्हणाले. "तू जरा बाहेर ये."

"का? साप आहे का?"

"साप असता तर बरं झालं असतं."

मीनाक्षीताई पदराला हात पुसत आल्या. श्यामसुंदरांनी भिंग त्यांच्या हातात दिलं. "देठावर बघ. मधल्या शिरेच्या कडेने. काय दिसतं?"

"रेघा आहेत. गडद हिरव्या. सलग नाहीत, तुटक तुटक." त्यांनी डोळे बारीक केले. "धावदोरा घातल्यासारख्या. छान दिसतंय की!"

"छानच दिसतं," श्यामसुंदर म्हणाले आणि तिथल्या उलट्या बादलीवर बसले.

तो धावदोरा म्हणजे शेतकीच्या भाषेत पर्णगुच्छाची खूण. हा केळीचा रोग. तो लागला की नवी पानं रुंद होऊन खाली झुकत नाहीत. ती अरुंद, आखूड, ताठ येतात आणि एकाच जागी दाटीने उभी राहतात, एखाद्याने मुठीत गुच्छ धरावा तशी. अशा झाडाला केळफूल येत नाही. त्यावर औषध नाही. तिळाएवढा काळा मावा पानाच्या बेचक्यात बसून आजारी झाडाचा रस पितो, मग उडून शेजारच्या निरोगी झाडावर जातो आणि रोग तिथे पोचवतो. यात सर्वांत फसवी गोष्ट अशी, की मोठ्या झाडाला उशिरा लागण झाली तर त्याच्यावर काहीच दिसत नाही. ते धडधाकट उभं असतं. आजार दिसतो तो त्याच्या पिल्लांत.

"हे वसईहून आलं," श्यामसुंदर म्हणाले.

मीनाक्षीताईंनी भिंग परत दिलं. वसई म्हणजे त्यांचं माहेर. गेल्या वर्षी भावाकडे गेल्या तेव्हा परसातल्या राजेळीचा एक कंद त्यांनी ओल्या गोणपाटात गुंडाळून, गाडीत बाकाखाली ठेवून कलकत्त्यापर्यंत आणला होता. इथल्या केळीला ती चव नाही, हे त्यांचं चाळीस वर्षांचं गाऱ्हाणं होतं.

"तुम्ही तपासलं नव्हतंत?"

या प्रश्नाचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. श्यामसुंदरांची सगळी नोकरी खिदिरपूरच्या बंदरावर गेली होती. परदेशातून आलेलं झाड, कंद, बियाणं, धान्य तपासायचं. कीड नाहीतर रोग दिसला की भट्टीत टाकायचं. एकदा एका खलाशाने आईसाठी मलायातून आणलेलं ऑर्किड त्यांनी त्याच्यादेखत जाळलं होतं. तो बिचारा हात जोडत होता आणि हे म्हणत होते, "नियम सगळ्यांना सारखा, भाई." मीनाक्षीताई त्यांच्या खात्याला जाळपोळ खातं म्हणत. पण बायकोच्या माहेरचा कंद दारात आला तेव्हा या माणसाने त्याची माती धुतली, खड्डा खणला आणि लावून टाकला. भिंग कपाटातच राहिलं.

"आता हे काढायचं?"

"सगळं. कंदासकट."

"मोठीला केळफूल येऊ घातलंय हो."

"मीनाक्षी."

मीनाक्षीताईंचा चेहरा एकदम उतरला. तोंडाशी हात नेऊन त्या म्हणाल्या, "अहो, विनीताचं?"

श्यामसुंदर मघापासून तोच विचार करत होते.

मीनाक्षीताईंच्या माहेरी एक रीत होती. लेकीच्या डोहाळजेवणात ओटी भरताना नारळाच्या जोडीला घरच्या केळीचं पिल्लू घालायचं आणि ते तिच्या सासरच्या जमिनीत लावायचं. केळ जशी पिल्लावर पिल्लू देत वाढते, तसं घर वाढावं म्हणून. विनीता ही त्यांची एकुलती लेक. तिने ऑफिसातल्या एका बंगाली मुलाशी लग्न केलं होतं. त्याचं घर न्यू टाउनच्या मागच्या अंगाला, जिथे काचेचे टॉवर संपतात आणि अजून थोडी शेती उरली आहे, तिथे होतं. हिवाळ्यात डोहाळजेवण झालं. मीनाक्षीताईंनी हौसेने पिल्लू ओटीत घातलं आणि विनीताच्या सासऱ्यांनी, अनादिबाबूंनी, ते दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. अनादिबाबूंची उरलेली तीन बिघे जमीन सगळी केळीखाली होती.

मीनाक्षीताईंनी फोन लावला आणि आवाज मोठा ठेवला.

"पिल्लू ना? छान आहे की," विनीता म्हणाली. मागे बाळ रडत होतं. "का गं आई?"

"खरं सांग, विनू," श्यामसुंदर म्हणाले. "पानं कशी आहेत?"

"थोडी आखूड आहेत. उभी उभी. म्हणजे वाढतच नाहीये ते. पण सासरे म्हणाले, आईला बोलू नकोस, तिला वाईट वाटेल. ते रोज त्याला तळ्याचा गाळ घालतात, बाबा. का? काय झालं?"

"कुणी हात लावू नका त्याला. आम्ही उद्या येतो."

त्या दिवशी श्यामसुंदरांनी परसातली राजेळी काढली. आधी बेचक्याबेचक्यात कीटकनाशक फवारलं, कारण मावा जिवंत असताना झाड तोडलं तर तो उडून दुसरीकडे बसतो. सगळा मावा मेल्याची खात्री झाल्यावर कोयता घेतला. कंद खणून काढले, त्यांचे तुकडे केले, त्यावर रॉकेल ओतलं. मोठ्या झाडाच्या पोटातून बाळमुठीएवढं केळफूल निघालं. मीनाक्षीताईंनी ते उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि ढिगावर ठेवलं.

"काडी मी लावते," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुष्कळ लावल्यात."

दुसऱ्या दिवशी फवारणीचा पंप पिशवीत घालून दोघं निघाले. मीनाक्षीताईंनी घरी थांबावं असं श्यामसुंदरांनी सुचवून पाहिलं होतं. "माझ्या हाताने दिलंय," एवढंच त्या म्हणाल्या.

"आशुन, आशुन बेयाई मशाय!" अनादिबाबू फाटकापर्यंत धावत आले. बंगालीत व्याह्याला बेयाई म्हणतात आणि विहिणीला बेयान. बनियन, लुंगी, गुडघ्यापर्यंत चिखल. त्यांचं निम्मं हिंदी, निम्मं बंगाली बोलणं श्यामसुंदरांना पाठ झालं होतं. "बेयान, नातवाला बघायला आता आठवण झाली? तो तर मिशा फुटायची वाट बघतोय!"

मीनाक्षीताई हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं.

"अनादिबाबू, आधी बाग बघू या," श्यामसुंदर म्हणाले.

"छे छे! व्याही दारात आणि उपाशी बागेत? लोक माझ्या तोंडावर थुंकतील. आधी जेवण. बाग काय पळून जातेय?"

जमिनीवर आसनं मांडली होती. समोर केळीची मोठी, लांबरुंद पानं होती, नुकतीच धुतलेली, पाणी ओघळत असलेली. विनीता बाळाला काखेत घेऊन भात वाढू लागली. तिने बाबांकडे पाहिलं; बाबा पानाकडे पाहत होते.

पान नितळ होतं. हिरवंगार, रुंद. मधल्या शिरेच्या कडेला, मीठ वाढलं होतं त्याच्या जरा वर, धावदोरा होता.

"हे पान कुठल्या झाडाचं, अनादिबाबू?"

"पार पल्याडच्या कडेचं!" अनादिबाबू खुशीत म्हणाले. "तिकडची पानं सगळ्यांत मोठी. तुमच्यासाठी मुद्दाम जाऊन कापली सकाळी."

राजेळीचं पिल्लू लावलं होतं बागेच्या मधोमध, तळ्याकाठी. हे पान पार पल्याडच्या कडेचं होतं. श्यामसुंदरांनी मान वर केली. मीनाक्षीताईंच्या पानावरही रेघा होत्या आणि कालपासून त्यांना त्या वाचता येत होत्या. दोघांची नजर भेटली. मग मीनाक्षीताईंनी भात हळूच पुढे सरकवला आणि रेघा झाकल्या.

दोघंही जेवले. पान टाकणं शक्य नव्हतं. अनादिबाबू आग्रह करत होते, मासा वाढत होते, प्रमोटरची नक्कल करत होते. दर थोड्या दिवसांनी एक प्रमोटर, म्हणजे बिल्डर, मोटारीतून येई, टॉवरसाठी जमीन मागे आणि अनादिबाबू त्याला केळी देऊन परत पाठवत. "मी त्याला सांगतो, बाबा रे, माझी केळ उभी आहे तोवर मी उभा. केळ झोपली की ये!"

हात धुतल्यावर श्यामसुंदरांनी सांगितलं. त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं: रोग काय, मावा कसा नेतो, पिल्लू कुठून आलं, त्यांनी स्वतः ते कसं न बघता लावलं. मध्येच विनीता बाळाला घेऊन आत गेली. अनादिबाबू उकिडवे बसून ऐकत होते.

"औषध काय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही इतकी वर्षं सरकारात होता. काहीतरी असेलच."

"असतं तर आम्ही आयुष्यभर झाडं जाळली असती का?"

अनादिबाबूंनी लुंगीला लागलेला चिखल नखाने खरवडला. "मला दिसत होतं ते खुजं राहिलंय. पण म्हटलं, तुमच्या मुलखाची जात असेल तशी. सुनेच्या माहेरून आलेल्याला नावं कशी ठेवायची? मी तर त्याला बागेतली सगळ्यांत चांगली जागा दिली."

"माझ्यामुळे झालं हो हे," मीनाक्षीताई मराठीतच म्हणाल्या. अनादिबाबूंना शब्द कळले नसतील. त्यांनी नुसती मान हलवली, कुणाचं तरी लहान मूल दुकानात काही सांडून गेल्यावर दुकानदार हलवतो तशी.

मग तिघं बागेत गेले. श्यामसुंदरांनी आधी राजेळीच्या पिल्लावर फवारा मारला. ते गुडघाभर उंच होतं. वरची पानं मुठीत धरल्यासारखी ताठ, भोवती तळ्याच्या काळ्या गाळाचं नीट गोल आळं. दुसऱ्या कुणाचं इतकं कौतुक बागेत झालेलं दिसत नव्हतं.

मीनाक्षीताईंच्या हातात चुन्याची बादली आणि कुंचला होता. श्यामसुंदर एकेका झाडापाशी थांबत, देठ वाकवत, भिंगातून बघत. रेघा दिसल्या की ते मान हलवत आणि मीनाक्षीताई बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढत. पट्टा म्हणजे काढायचं झाड. सुरुवातीला मान मध्ये मध्ये हलत होती. तळ्याच्या पलीकडे गेल्यावर ती हलायची थांबेना. काही झाडांवर केळ्यांचे लोंगर लोंबत होते, विकायला पंधरवड्यात निघाले असते असे. श्यामसुंदर त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबत. प्रत्येक पान बघत. एखादं तरी चुकतंय का, हे शोधत असल्यासारखे.

अनादिबाबू मागून चालत होते. शेताच्या कडेला टॉवरच्या काचांवर दुपारचं ऊन चमकत होतं.

"ही ओळ वाचू शकेल," श्यामसुंदर शेवटी म्हणाले. दक्षिणेच्या बांधाजवळ काही झाडं खरोखरच स्वच्छ होती. त्यांनी ती दोनदा पाहिली. "आज मावा मारला आणि बाकीची लगेच काढली, तर ही वाचतील. दर आठवड्याला येऊन मी तपासेन. मी येईन, अनादिबाबू."

"किती आहेत ही?"

उत्तर समोर उभं होतं. एका हातगाडीचाही माल नव्हता.

मीनाक्षीताईंचा हात भरून आला होता. चुना कोपरापर्यंत ओघळला होता. अनादिबाबू पुढे आले आणि त्यांनी हळुवारपणे त्यांच्या हातातून कुंचला घेतला.

"दमलात, बेयान. बसा तुम्ही. आता मी लावतो."

ते त्या स्वच्छ ओळीतल्या पहिल्या झाडापाशी गेले.

"ते चांगलं आहे, अनादिबाबू," श्यामसुंदर म्हणाले.

"हो. पण केळ झोपली," अनादिबाबू म्हणाले.

त्यांनी कुंचला बादलीत बुडवला, जास्तीचा चुना कडेवर निथळू दिला आणि बुंध्याभोवती पट्टा ओढला. मग ते पुढच्या झाडाकडे गेले. घाई नव्हती. प्रत्येक पट्टा नीट गोल, सगळे एका उंचीवर.