छप्पर म्हणतं, आर्लेन, खाली उतर!

मित्रांनो, मी एक जुनं छप्पर आहे आणि मला अगदी वैताग आलाय. गळण्याचा नाही, ते आम्हा छपरांना नवीन नाही. वैताग आलाय तो माझ्या डोक्यावर चढणाऱ्या माणसाचा.

त्याचं नाव आर्लेन एंगब्रेटसन. वय एकाहत्तर, गुडघे त्याहून म्हातारे. आमचं घर मिनेसोटाच्या उत्तरेला, मोठ्या सरोवराच्या काठी. इथे हिवाळा पाहुण्यासारखा येत नाही, घरजावयासारखा राहतो.

माझा जन्म झाला तो शनिवार-रविवारच्या सुट्टीत. कारागीर बोलवायचा विषय निघाला तेव्हा आर्लेन म्हणाला, "कशाला? हातोडी माझ्याकडे आहे आणि डुएन समोरच राहतो." डुएन म्हणजे त्याचा मेहुणा, बायकोचा भाऊ. शनिवारी सकाळी दोघांनी डांबरी शिंगल, म्हणजे कौलांसारखे चपटे तुकडे, छान ओळीत ठोकले. दुपारी बियरचं खोकं उघडलं आणि पुढच्या ओळी जरा नाचतच गेल्या. काम झाल्यावर डुएन रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला, मान तिरकी केली आणि म्हणाला, "इथून सरळ दिसतंय." आर्लेनला तेवढं प्रशस्तिपत्रक पुरलं.

तरी तेव्हा माझं कौतुक होतं हो! कुणी रस्त्यात थांबलं की हा कमरेवर हात ठेवून सांगायचा, "स्वतः केलंय." मी बर्फ झेलला, गारा झेलल्या, एक खार पोटमाळ्यात बाळंत झाली तेही झेललं. दर नाताळात तो सांताक्लॉजची प्लास्टिकची गाडी माझ्या छातीवर खिळ्यांनी ठोकायचा आणि जानेवारीत उपटायचा. भोकं तशीच ठेवायचा, पुढच्या वर्षी कामाला येतील म्हणून. पुढच्या वर्षी गाडी हातभर पलीकडे ठोकायचा.

हळूहळू कौतुक संपलं, चढणं तेवढं उरलं. पन्हळीत पानं साचली, पानांची माती झाली, मातीत मेपलचं रोप आलं.

"आर्लेन, पन्हळीत झाड उगवलंय," त्याची बायको मार्लिस म्हणाली.

"शनिवारी काढतो."

रोप वीतभर झालं, हातभर झालं. तो शनिवार काही उजाडला नाही.

आता यातून काय होतं, ऐका. घरातली ऊब वर येते, माझ्यावरचा बर्फ वितळतो, पाणी घरंगळत थंड कडेला जातं आणि तिथे पुन्हा गोठतं. पन्हळ तुंबलेली असली की विचारूच नका. कडेला बर्फाचा बांध उभा राहतो आणि पाणी मागे वळून शिंगलांखालून घरात शिरतं. मार्लिसच्या पलंगावर टप, टप. तेव्हा मात्र हा शनिवारची वाट बघत नाही. लगेच कुऱ्हाड घेऊन वर! त्यानं फोडलं त्यात अर्धा बर्फ होता, अर्धा मी.

गेल्या हिवाळ्यात तो असाच घसरला. पट्टा पन्हळीच्या आकड्यात अडकला म्हणून वाचला. मार्लिस स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, तिला खिडकीतून फक्त दोन बूट दिसले, हवेत. तेव्हापासून तिला मी गळतो याचं काही वाटेना. हा पडेल, एवढंच वाटायचं.

म्हणून शरद ऋतूत तिनं क्रेगला बोलावलं. क्रेग छपरांची वार्षिक देखभाल विकणाऱ्या कंपनीचा माणूस, दात फार पांढरे.

"आम्ही वर्षातून दोनदा येऊ," क्रेग म्हणाला. "पन्हळी साफ करू, सुटलेले शिंगल बसवू, भेगा भरू आणि छपराचे फोटो काढून देऊ."

"फोटो?" आर्लेन म्हणाला. "माझ्याच छपराचे? ते काय पळून जाणारेय?"

"बरं, गारांनी नुकसान झालं तर?" मार्लिसनं विचारलं.

"गारा यात येत नाहीत, बाई."

"वादळ?"

"वादळही नाही."

"बर्फाचा बांध?"

"त्याचं काय आहे, आम्ही येऊन बघू."

आर्लेनला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. "म्हणजे छान ऊन पडलं तर तुमची पूर्ण जबाबदारी! वा! बघायला तर मीसुद्धा बघतो, तेही फुकट."

"तू बघतोस तेव्हा मला डोळे मिटावे लागतात," मार्लिस म्हणाली.

क्रेग कॉफी पिऊन, दोन केक खाऊन गेला. मी वरून कपाळावर हात मारला असता, पण हात नाहीत. दोघांचंही निम्मं खरं होतं. योजनेत पुष्कळ काही नव्हतं, पण जे होतं तेच आर्लेन वर्षानुवर्षं करत नव्हता.

फेब्रुवारीत पुन्हा बांध झाला. आमच्याकडे त्यावर एक गावठी इलाज आहे. बायकांच्या एका लांब मोज्यात बर्फ वितळवायचं मीठ भरायचं आणि तो लोडासारखा बांधावर आडवा टाकायचा, थोडा कडेबाहेर लोंबता. मीठ वाट करून देतं, पाणी निघून जातं. पण मार्लिसनं यंदा मोजे लपवले होते. ती चर्चच्या तळघरात जेवणावळीला वाढायला गेली, तसा आर्लेननं कपाट उघडलं आणि स्वतःची लाल लोकरी विजार बाहेर काढली. अंगरखा आणि विजार एकाला एक शिवलेली असते ना, ती. मीठ भरलं, पायांच्या टोकांना गाठी मारल्या, शिडी लावली आणि ती माझ्यावर पालथी टाकली. दोन्ही पाय कडेवरून खाली. मग उतरून, शिडी कोठारात ठेवून, हॉकीचा सामना लावून खुर्चीत घोरायला लागला.

वारा सुटला. लाल पाय हलायला लागले. समोर डुएननं पडदा सरकवला आणि किंचाळला.

त्यानं आधी गावचा आगीचा बंब बोलावला, मग चर्चमध्ये फोन केला. "मार्लिस, आर्लेन छपरावर लटकलाय!"

बंब आला. निम्मं गाव मागोमाग आलं.

"आर्लेन, हात हलव!" डुएन ओरडला.

"पाय हलवतोय!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "जिवंत आहे!"

"अरे, पण नुसत्या विजारीवर वर कशाला गेला?"

"आर्लेनच तो. विचारायचं नसतं."

बंबाचा प्रमुख शिडीवर चढला, "घाबरू नकोस हं, धरलंय तुला," म्हणाला आणि त्यानं पाय घट्ट पकडला. गाठ सुटली. अख्खं मीठ त्याच्या मानेवरून, कॉलरमधून थेट आत. त्या गृहस्थानं तेव्हा जे शब्द वापरले ते मी तुम्हाला सांगणार नाही. पाद्रीबाबा गर्दीतच होते.

गलका ऐकून दार उघडलं. लोकरी मोज्यांवर, डोळे चोळत आर्लेन बाहेर आला. "कोण पडलं?"

तेवढ्यात मार्लिसची गाडी अंगणात शिरली. ॲप्रन तसाच, हातात वाढायचा डाव तसाच. तिनं लाल विजार बघितली, दारात उभा नवरा बघितला आणि पायरीवरच्या बर्फात बसली.

"मार्लिस, अगं..."

"रस्ताभर मी ठरवत आले," ती म्हणाली, "तुझ्या अंत्यविधीला कोणतं भजन म्हणायचं ते."

"मग? ठरलं?"

"तुला शोभेल असं एकही नाही रे."

लोक हसले. आर्लेनही हसणार होता, पण त्याला डाव दिसला. पायरीच्या कठड्यावर तो कट कट वाजत होता. आर्लेन खाली बसला, तिच्या हातातून डाव काढून घेतला. मग म्हणाला, "त्या योजनेत गारा नाहीत. वादळ नाही."

"तू वर जाणार नाहीस, एवढं त्यात आहे. मला पुरे."

त्यानं आत जाऊन क्रेगला फोन लावला.

एप्रिलमध्ये कंपनीच्या दोघीजणी आल्या, कमरेला दोर बांधून. आर्लेन अंगणात घडीच्या खुर्चीवर बसून खालून हुकूम सोडत होता. एकीनं माझे शिंगल उचलून बघितले आणि खाली वाकून विचारलं, "काका, ही भोकं कुणी पाडलीत हो?"

"आधीच्या मालकानं," आर्लेन म्हणाला.

"हो," मार्लिस दारातून म्हणाली. "फेब्रुवारीत वारला तो."

तर मित्रांनो, अशी योजना घ्यावी की नाही, हे मला विचारू नका. मी छप्पर आहे, मला कुणीही साफ केलं तरी चालतं. गुडघे धड असतील, दोर बांधणार असाल आणि तुमचा शनिवार खरंच शनिवारी येत असेल, तर खुशाल स्वतः चढा, पैसे वाचवा. योजनेत काय येतं, काय येत नाही, हे विकणाऱ्याला दहादा विचारा, त्याचे दात बघून भुलू नका. पण सही करण्याआधी किंवा नाकारण्याआधी एकदा वरून खाली बघा. शिडी धरून कुणीतरी उभं असतं. माझ्याकडे नको, त्याच्या तोंडाकडे बघा.