त्रेचाळीस ठिकाणचा ण

माझं डोकं लवकर तापतं, हे समद्या पालम गावाला ठाऊक हाय. पण या गोष्टीवरून तापलं नसतं तर मी कसली शालू!

माझी आत्या भिवराबाई उभा जन्म मेंढरामागं हिंडली. चालता चालता गाणी रचायची. माणिकराव गुरुजींनी एका उन्हाळ्यात ती टेपवर घेतली, "जपून ठेवतो" म्हणले, आन् स्वतःच्या नावानं छापून मोकळे झाले! आत्या म्हणली, गाणी माझी हाईत. गावानं दात काढले. "अंगठेबहाद्दर बाई काय कविता करती?" टेपचं विचारलं तर गुरुजी म्हणले, कसली टेप? आता दुसरी आवृत्ती निघायली होती. ती बी त्यांच्याच नावानं निघाली असती, तर आत्या मरेस्तोवर खोटारडी ठरली असती.

मी परभणीला मराठीत एम.ए. करायलेय, कॉम्प्युटरवर भाषा तपासायचं बी शिकलेय. गुरुजींची तिन्ही पुस्तकं, आधीची दोन आन् आत्याच्या गाण्यांचं हे तिसरं, टाईप केली आन् कॉम्प्युटरला एकच काम लावलं: यमक कुठं कुठं चुकलंय ते दाखव.

उत्तर बघून मी खुर्चीवरून उठून नाचले. दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन प्रकाशक आबासाहेबांचं हापिस गाठलं. गुरुजी तिथंच प्रुफं तपासत बसले होते.

मी गोड आवाजात विचारलं, "गुरुजी, तुमी यमक चुकता का हो कधी?"

"उभ्या जन्मात नाही!"

"खरंय. पहिल्या दोन पुस्तकांत एक बी चूक न्हाई. मग या पुस्तकात त्रेचाळीस कशा?"

मी लॅपटॉप आबासाहेबांपुढं सरकवला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मेंढरे शिरली रानी, तळ्याला नाही पाणी." मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. समदीकडं एकीकडं न, दुसरीकडं ण.

गुरुजींनी हातातली प्रुफं खाली ठेवली. "अहो, ती मेंढकी बाईच्या तोंडची भाषा. ती पानीच म्हणणार!"

"मग पाणी कुणी केलं?"

गुरुजींनीच! शुद्धलेखनाची खोड, दुसरं काय! चोरलेलं बी सुधारल्याबिगर हाताला चैन न्हाई.

आबासाहेब आत्याकडं वळले. "बाई, म्हणा बरं."

आत्यानं पदर सावरला आन् आवाज लावला. "मेंढरं शिरली रानी, तळ्याला न्हाई पानी..." एकामागून एक समदी गाणी म्हणली, आन् त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागा अशा चपखल बसल्या की मला रडूच फुटलं. लय आनंद झाला, काय सांगू!

गुरुजी चष्मा तिथंच विसरून निघून गेले. आबासाहेबांनी प्रुफावरचं नाव खोडलं आन् ठळक लिहिलं: भिवराबाई.

"बाई, अजून काही बदलायचंय?"

आत्या ताठ उभी राह्यली. "व्हय. माझं पानी मला परत द्या."

आबासाहेबांनी लाल पेन उघडला आन् पहिल्या पानापासून एकेक ण खोडायला घेतला.