थोरलीच्या डोक्याचं माप

माझी थोरली एक्केचाळीस वर्षांची आहे. आमच्या शिवणाच्या दुकानात कटिंगचं टेबल तिच्याकडे. गिऱ्हाईक नवा कोट घालून आरशासमोर दोनदा वळतं आणि मला म्हणतं, "वा, काय हात आहे!" मी मान डोलावते. हात तिचा असतो, पण दुकान माझं आहे, तेव्हा कौतुकही माझंच.

मी चौथी शिकले. ती सहावीपर्यंत टिकली. मग बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगी मंद आहे, वेळेत पेपर पुरा करत नाही. मी तिचं दप्तर उचललं आणि तिला कायमची टेबलाशी उभी केली. 'मंद' हा शब्द मात्र घरात राहिला. रागाने नव्हे हो. घरात कुणाला लंबू म्हणतात, कुणाला चिमणी, तसं हिला.

गेल्या महिन्यात शिवणशाळेतून तिला निरोप आला, कटिंग शिकवायला या म्हणून. ती मला म्हणाली, "आई, जमेल का गं मला?"

"तुला? मुली तासाभरात विकून खातील तुला."

ती खडू घेऊन पुन्हा कापडाकडे वळली. मला वाटलं, विषय मिटला. पण ही बया एक दिवस बटणं आणायला म्हणून गेली आणि अर्धा दिवस बुद्धीची चाचणी देऊन आली! मला कळलं ते निकालाच्या सकाळी.

"तू चल," ती म्हणाली. "कमी निघालं तर शाळेला नाही कळवते आणि पुन्हा तोंड उघडत नाही. पण जे काय आहे ते तुझ्यासमोर होऊ दे."

खरं सांगते, कमीच निघावं असं मला वाटत होतं. ती गेली तर टेबलावर कोण?

चाचणी घेणाऱ्या मॅडम माझ्या सुनेच्या वयाच्या. खोली लहान, टेबल स्वच्छ. मॅडमच्या अंगातल्या जॅकेटचा डावा खांदा अर्धं बोट उतरलेला. जिला स्वतःचा खांदा दिसत नाही ती माझ्या मुलीचं डोकं काय मापणार, असं मनात आलं, पण बसले.

मॅडमनी कागद फिरवून आमच्यासमोर ठेवला. खाली जाड अक्षरात त्र्याण्णव.

"शंभरात त्र्याण्णव?" मी उडालेच. "अगं, आपल्या खानदानात कुणी साठाच्या वर गेलं नाही!"

"आजी, हे शंभरापैकी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "शंभर म्हणजे मधला माणूस. काही त्याच्या वर, काही खाली."

"म्हणजे नापास?"

"यात पास-नापास नसतं. त्र्याण्णव म्हणजे मधल्या घोळक्यातच."

थोरलीने मान खाली घातली. "म्हणजे साधारण," ती म्हणाली. "मग नाहीच सांगते त्यांना."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या एका आकड्याच्या वर आणखी चार आकडे होते, आणि ते एकमेकांशी भांडल्यासारखे लांब लांब उभे होते. मला आकडे वाचता येतात. चाळीस वर्षं मापं घेतली आहेत.

"हा एकशे सत्तावीस कुणाचा?"

"यांचाच. ठोकळ्यांनी नक्षी जुळवायची, तुकडा मनात फिरवून कुठे बसेल ते सांगायचं. शंभर माणसं ओळीत उभी केली तर या कामात शहाण्णव यांच्या मागे राहतील."

"आणि हा त्र्याहत्तर?"

"हा वेगाचा. खुणा बघून भराभर उतरवायच्या. यात यांच्या मागे चारच जण. शब्दांचा आणि लक्षात ठेवण्याचा आकडा मधला आहे."

"मग तुम्ही या सगळ्यांची मोट बांधून त्र्याण्णव केलंत?" मी म्हटलं. "मॅडम, एखाद्याची छाती चव्वेचाळीस, कंबर तीस. मी दोन्हीच्या मधलं माप धरून कोट शिवला तर तो छातीत शिरेल का? आणि कमरेला तंबू होईल तो वेगळाच."

मॅडम हसल्या. "मी पुढे तेच सांगणार होते. भागांचे आकडे एकमेकांपासून इतके लांब असले की एकूण आकड्यावरून माणूस कळत नाही. भाग बघायचे."

थोरली अजून त्या त्र्याहत्तरकडेच बघत होती. "मंद म्हणजे हेच ना?" तिने विचारलं.

"मला एक कोडं पडलंय," मॅडम म्हणाल्या. "इतका कमी वेग असणारी माणसं बहुधा चुकतातही. तुमची एकही चूक नाही, एकही नाही. मग वेळ कुठे गेला? मी बघत होते, तुमचं बोट सारखं मागे जात होतं."

"सवय आहे. तपासत होते."

"प्रत्येक खूण?"

"दोनदा. मी आहेच तशी, पहिल्यापासून."

पहिल्यापासून नव्हती. मला माहीत होतं, आणि त्या खोलीत ते माहीत असलेली मी एकटीच होते. ती आठ वर्षांची होती, शाळा सुटली की दुकानात यायची. एकदा तिने झरझर खडू ओढला, मी झरझर कात्री चालवली, आणि दोन्ही बाह्या डाव्याच निघाल्या. लोकरीचं भारी कापड, गिऱ्हाइकाने दिलेलं. मी तिच्या बोटांवर मोजपट्टी मारली आणि नियम घातला: रेघ ओढली की बोट मागे न्यायचं, दोनदा, मगच पुढची रेघ. विसरली की मोजपट्टी. वर्षभर. शाळेच्या बाईंची तक्रार आली ती त्यानंतर.

गप्प बसले असते तर ती टेबल सोडून गेली नसती.

"ती तशी नव्हती," मी म्हटलं. "मी केली." आणि बाह्यांची गोष्ट सांगितली, मोजपट्टीसकट.

थोरली माझ्याकडे वळली. "मला फक्त मार आठवतो," ती म्हणाली. "कशासाठी ते नव्हतं आठवत."

मॅडम भराभर लिहीत होत्या. मी म्हटलं, "आता तो आकडा बदला."

"आकडा बदलत नाही, आजी. त्या दिवशी जे झालं तेच लिहावं लागतं. आणि वेग जात्याच किती आणि सवयीने किती, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. पण आकड्याखाली हे लिहीन."

"ठळक लिहा."

थोरलीने खुर्ची पुढे ओढली. तिला आता भलतंच कुतूहल सुटलं होतं. तुकडा मनात फिरवायचा म्हणजे इतरांना दिसत नाही का तो? मग त्यांना दिसतं तरी काय? ज्याला दिसत नाही त्याला शिकवायचं कसं, कागद कापून द्यायचा का हातात? मॅडम उत्तरं देऊन दमल्या. माझी मुलगी इतकं बोलते हे मला ठाऊक नव्हतं. मीही मध्ये म्हटलं, बघू ते ठोकळे, मला जमतात का. पण म्हणे ते असे कुणालाही दाखवत नाहीत.

खाली रस्त्यावर येऊन तिने शाळेला फोन लावला. "सोमवारपासून येते," एवढंच बोलली. मला विचारलंसुद्धा नाही.

"आणि माझं कटिंग?" मी म्हटलं.

"तू कर."

"माझे डोळे गेले गं."

"मग सुनेला उभी कर टेबलाशी. कधीची विचारतेय ती."

"तिला? ती पोरगी इतकी..." मी म्हटलं, आणि थांबले. थोरली भुवया वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय शब्द काढते ते ऐकायला.

"इतकी काय?"

"इतकी नवी आहे," मी म्हटलं. "बघू काय काय दिसतं तिला."