समोरचा पक्ष

वकीलसाहेब मायदेशी उलटतपासणीला उभे राहिले की कोर्टाच्या छपरावरची कबुतरं उडून जात, असं ते स्वतःच सांगत. कबुतरांना विचारायची सोय नसल्यामुळे आपण ते मानून चालू.

बायकोला परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, तसे साहेब वीस वर्षांची वकिली गुंडाळून तिच्यामागून आले. इथे त्यांची कायद्याची पदवी लोक मोठ्या आदराने हातात घेत, उलटसुलट करून बघत आणि तितक्याच आदराने परत देत. इथे वकिली करायची तर इथली परीक्षा द्या, म्हणत. तोवर साहेब एका गोदामात खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होते. तिथेही एक खोकं नेमकं कोणाच्या ताब्यात आहे यावर त्यांनी मुकादमाशी तासभर वाद घातला होता, आणि तो जिंकल्याबद्दल त्यांना ते खोकं उचलावं लागलं होतं.

लेखी पेपर त्यांनी पहिल्याच फटक्यात काढले. घोडं अडलं ते तोंडी परीक्षेत. तिथे एक नट अशील बनून समोर येऊन बसे, कोपऱ्यात परीक्षक बसे, आणि त्या अशिलाची अडचण समजून घेऊन त्याला सल्ला द्यायचा असे. पहिल्या खेपेला अशिलाचं दुसरं वाक्य संपायच्या आत साहेबांनी निकाल सांगून टाकला. नापास. दुसऱ्या खेपेला त्यांनी जीभ दाताखाली धरून सगळं ऐकलं आणि असा काही सल्ला दिला की नट खुर्चीतून उठून हात मिळवून गेला. तरी नापास! कारण भांडण कोणाशी आहे, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. इथला नियम असा की आधी समोरचा पक्ष कोण ते विचारायचं. तो आपलाच अशील निघाला, किंवा आपलं काही त्यात गुंतलेलं निघालं, तर केसला हात लावायचा नाही. टेबलावरच्या फायलीत तर चक्क लिहिलं होतं की समोरचा माणूस याच ऑफिसचा अशील आहे.

"आमच्या गावात विचारायची वेळच यायची नाही," साहेब बायकोला सांगत. "अशील जिना चढून वर येईपर्यंत त्याचं भांडण कोणाशी, कशावरून, सगळं आम्हाला ठाऊक असायचं."

आता उरली तिसरी खेप, आणि ती शेवटची. ती हुकली की या देशात काळा कोट कायमचा कपाटात जाणार होता. साहेबांची झोप उडाली होती.

तेव्हा सरावासाठी अशील म्हणून पुढे आल्या त्यांच्या सासूबाई. हयात शाळेत शिकवण्यात गेलेली, त्यामुळे गावासकट पोटची लेकही त्यांना बाई म्हणे, आणि मग जावईही बाईच म्हणू लागले. गेल्या हिवाळ्यात लेक त्यांना इकडे घेऊन आली होती. आता बाईंनी कायमचं इथेच राहायचं, असं लेक-जावयाने जेवताना ठरवून टाकलं, तेव्हा बाई गॅसपाशी दुधावर नजर ठेवून उभ्या होत्या. राहण्याच्या परवान्याचा अर्ज साहेबांनी स्वतः भरला होता, आणि तो इतका चोख भरला होता की ते येईल त्याला वाचून दाखवत.

बाई अशील मात्र झकास होत. कधी शेजाऱ्याचा नळ त्यांची भिंत भिजवे, कधी कुत्रं चावे. त्या खोटं खोटं लंगडत येत, पदराने कोरडे डोळे पुसत आणि शेवटी दहापैकी गुण देत. साहेब चाराच्या वर गेले नव्हते.

परीक्षेच्या आदल्या दुपारी बाई आल्या त्या सरळ चालत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"बोला आजी, काय अडचण आहे?" साहेबांनी विचारलं.

"मला लेकीकडे आणून ठेवलंय. माणसं चांगली आहेत, औषधपाणी वेळच्या वेळी बघतात. पण मला माझ्या घरी जायचंय."

साहेबांच्या ओठांवर उत्तर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "आणखी काही?"

बाईंनी पदर सारखा केला. "तिकडे मी फाटकाशी उभी राहिले की येणारा-जाणारा थांबतो. निम्म्यांना मी पाढे शिकवलेत. इथे मला हाक मारणारी दोनच माणसं, आणि ती दमून घरी येतात. दिवसभर मी घड्याळाशी बोलते."

आज बाईंनी कमाल केली, साहेबांना वाटलं. ते खुर्चीतून उठलेच. "आजी, सज्ञान माणसाला मर्जीविरुद्ध कोणी ठेवून घेऊ शकत नाही. अर्ज मागे घ्या. समजतात काय हे लोक स्वतःला? मी बघतो त्यांच्याकडे!"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"वकीलसाहेब, विचारायचं राहिलं," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. पुन्हा तीच चूक! "समोरचा पक्ष कोण?"

बाईंनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही."

साहेब आधी हसले. मग आपल्याशिवाय कोणीच हसत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते हळूच खाली बसले. ज्या अर्जाचं इतकं कौतुक मिरवलं, तो कोणाच्या नावाचा होता हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी का नाही बोललीस गं, बाई?" लेक दारात उभी राहून रडवेल्या आवाजात म्हणाली.

"बोलले होते. दोनदा. यांनी दुसरं वाक्य संपू दिलं नाही."

"मग ही केस मला घेता येणार नाही," साहेब कसेबसे म्हणाले.

"नाहीच येणार. नियम आहे."

दुसऱ्या दिवशी नट समोर येऊन बसला, तसे साहेब आधी पाणी प्याले आणि मग त्यांनी विचारलं, "तुमचं भांडण नेमकं कोणाशी?" उत्तर फायलीशी ताडून पाहिलं. मग ते ऐकत राहिले. नट थांबला की म्हणत, "आणखी काही?" आणि पुन्हा थांबत. एकदा तर इतका वेळ थांबले की परीक्षकाने मान वर करून पाहिलं.

निकाल लागला. साहेब पास झाले. अर्ज त्यांनी आधीच मागे घेतला होता, तिकीटही काढलं होतं.

विमानतळावर बाईंनी त्यांना गुण दिले. दहापैकी नऊ.

"एक कुठे कापलात?" साहेब लगेच वादाला उभे राहिले.

"विचारायला उशीर केलात म्हणून."

साहेबांनी प्रतिवादासाठी तोंड उघडलं, पण बाईंचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं. ते थांबले. बाईंनी लेकीकडे पाहिलं. ती रात्रपाळी करून तशीच आली होती आणि सामानाच्या गाडीला रेलून उभी होती.

"हिलाही विचारत जा अधूनमधून," बाई म्हणाल्या. "आणखी काही?"