आधी त्यांनी बोलावं

प्रमोदिनीबाईंनी पाण्याचा दुसरा ग्लास संपवला आणि तिसऱ्यासाठी हात पुढे केला. चंद्राबाईंनी तबक मागे घेतलं.

"आता नको, बाई. मंग भाषन अर्धं टाकून पलावं लागंल."

बाईंना हसू आलं नाही. मांडीवरचा कागद त्यांनी पुन्हा उलगडला. पहिलं वाक्य पाठ होतं, दुसरंही. तिसऱ्यापाशी गाडी अडत होती.

या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं गणित शिकवलं होतं. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटावर आवाज चढवून साठ-साठ मुलांना अपूर्णांक समजावले, त्याची कधी भीती वाटली नाही. पण समोर मोठी माणसं बसली की शब्द फुटत नसे. एकदा शिक्षकांच्या बैठकीत बोलायला उठल्या, "नमस्कार" म्हणाल्या आणि खाली बसल्या. तेव्हापासून सूत्रसंचालन, आभार, शोकसभा, सगळं त्यांनी या ना त्या निमित्ताने टाळलं. स्वतःच्या निरोप समारंभाला मात्र निमित्त सापडेना. आठवडाभर त्यांची मुलगी तनया ठाण्याहून फोनवर रोज भाषण म्हणून घेत होती. "आई, माणसांकडे बघू नकोस, मागच्या भिंतीकडे बघ. श्वास सावकाश सोड."

समारंभ निकालाच्या दिवशीच उरकायचा होता, कारण पुढे सुट्टी. फळ्यावर रंगीत खडूने दोन नावं लिहिली होती. वर बाईंचं आणि खाली, जरा बारीक अक्षरात, शिपाई चंद्राबाईंचं. दोघी एकाच महिन्यात निवृत्त होत होत्या. शाल-श्रीफळ दोघींना मिळालं. बाई व्यासपीठावर बसल्या. चंद्राबाईंनी शाल खिडकीत ठेवली आणि पाहुण्यांना पाणी द्यायला घेतलं. ते काम दुसऱ्या कुणाला सांगितलेलंच नव्हतं.

मुख्याध्यापक केदार सरांनी नाव पुकारलं. टाळ्या झाल्या. बाई माईकपाशी गेल्या आणि मागच्या भिंतीकडे बघितलं. तिथेही माजी विद्यार्थी दाटीवाटीने उभे होते.

पहिलं वाक्य गेलं. कागद वर धरला तर पुढची ओळच सापडेना. पुढच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. बाईंची नजर सुटकेला जागा शोधत दाराकडे गेली. तिथे चंद्राबाई रिकामं तबक घेऊन उभ्या होत्या.

"चंद्राबाईसुद्धा निवृत्त होतायत," बाई एका दमात म्हणाल्या. "आधी त्यांनी बोलावं."

आणि त्या खुर्चीत येऊन बसल्या.

क्षणभर कुणाला कळेना. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की चंद्राबाई तबक घेऊनच दोन पावलं पुढे आल्या. मग ते कुणाच्या तरी हातात देऊन, पदराला हात पुसत माईकपाशी पोचल्या.

"मी खारबाव गावची," त्या म्हणाल्या. "शालेत पहिल्याच दिवशी घंटा अर्धा तास आदी वाजवली. सगली शाला घरी गेली. मला घड्याल कलत न्हवतं." सभागृह हसलं. "दुसऱ्या दिवशी या बाईंनी मला सुट्टीत बसवून घड्याल शिकवलं. कुनाला सांगितलं न्हाय. म्हनून नोकरी टिकली."

बाई मान खाली घालून ऐकत होत्या. त्यांना तो दिवस आठवतही नव्हता.

नंतर संस्थेचे अध्यक्ष उठले. "आपल्या वाट्याचा माईक दुसऱ्याच्या हाती देणं, याला मोठेपणा म्हणतात," असं म्हणाले, आणि कार्यक्रम संपला. बाईंना पुन्हा बोलायला कुणी सांगितलं नाही. तनयाचा फोन आला.

"झालं भाषण?"

"झालं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सगळे शिक्षकखोलीत खायला गेले. सभागृहात चंद्राबाई खुर्च्या एकात एक घालत होत्या. बाई जवळ गेल्या.

"चंद्राबाई, मी तुम्हाला मान द्यायला नाही बोलावलं. माझी बोबडी वळली होती. तुम्हाला पुढे केलं आणि मी सुटले."

"म्हाईत हाय." चंद्राबाईंनी हातातली खुर्ची ठेवली. "मलाबी भ्या वाटत व्हतं. पन तुमी तशा बसल्या, मंग कुनी तरी बोलाया नको?"

शिक्षकखोलीतून रूपा मॅडमचा आवाज आला, "मला तर रडूच आलं हो. केवढं मन लागतं त्याला!"

"राहू द्या, बाई," चंद्राबाई हळूच म्हणाल्या. "चांगलंच तं बोलतात."

बाईंनी एक खुर्ची उचलून दुसरीत घातली. मग शिक्षकखोलीच्या दारात गेल्या.

"ऐका जरा."

बशांवरचे चमचे थांबले. सोळा-सतरा चेहरे वळले, केदार सरांच्या हातातला वडा हातातच राहिला. बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"मघाशी मी मोठेपणा केला नाही. मी घाबरले होते. बत्तीस वर्षं घाबरतेय. आज चंद्राबाईंनी मला सांभाळून घेतलं."

कुणी टाळी वाजवली नाही. केदार सर गडबडीने उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बसा ना, बाई."

"थांबा," बाई उभ्याच राहून म्हणाल्या. "अजून थोडं बोलायचं आहे."